हे प्लॅनिंगमध्ये बघू या

बॅकलॉग रिफाइनमेंटची बैठक कुठल्या वारी ठेवावी, या विषयावर आमच्या टीममध्ये जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी रिफाइनमेंटच्या बैठकीत कधीच झालेली नाही.

सोमवार बाद. सोमवारी सकाळी अर्धी टीम सातारा, कोल्हापूर नाहीतर नगरहून परतीच्या वाटेवर असते आणि उरलेली अर्धी वाकडच्या पुलावर. एकाआड एक मंगळवारी डेमो आणि त्याला जोडून रेट्रो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, प्लॅनिंग. गुरुवारी पुण्यात विजेच्या दुरुस्तीची कामं निघतात आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही ती मंडळी नेमकी त्याच दिवशी घरून काम करतात. शुक्रवारी चारनंतर बैठक ठेवणाऱ्या माणसाबद्दल लोक जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. शनिवारचीही सूचना एकदा वरून आली होती. तिच्यावर सगळ्यांनी एकमताने म्यूट राहणं पसंत केलं.

ज्यांचा हिंजवडीशी संबंध तिथल्या ट्रॅफिकच्या बातम्या वाचण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीम हल्ली वर्षभराच्या कामाचा आराखडा एकदम करत नाहीत. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून काम करतात. त्या तुकड्याला म्हणतात स्प्रिंट. करायच्या कामांची जी न संपणारी यादी असते, तो बॅकलॉग, आणि त्यातलं एकेक काम म्हणजे स्टोरी. स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी बसून त्या यादीतली वरची कामं उचलायची, हे प्लॅनिंग. शेवटच्या दिवशी झालेलं काम दाखवायचं, तो डेमो, आणि काय चुकलं ते बोलायचं, तो रेट्रो. आणि ती कामं उचलण्याच्या लायकीची आहेत का हे त्याआधीच कधीतरी बसून तपासायचं, म्हणजे नेमकं काय हवंय, कोणाला हवंय, काम झालं हे कशावरून ओळखायचं, फार मोठं असेल तर त्याचे तुकडे कुठे पाडायचे, हे रिफाइनमेंट.

लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी माणसं एक दिवस बैठक मारून याद्या करतात. कार्यालय कोणी ठरवायचं, जेवणाचा खर्च कोणी करायचा, मानपानाची माणसं किती, आहेर कोणाकोणाला, सगळं कागदावर येतं. दोन्हीकडच्या सह्या होतात. रुसवेफुगवे काय व्हायचे ते त्या बैठकीत होतात, म्हणून मुहूर्तावर निदान मंगलाष्टकं तरी ऐकू येतात. रिफाइनमेंट म्हणजे याद्या, प्लॅनिंग म्हणजे मुहूर्त. आमच्याकडे अंतरपाट धरलेला असतो आणि मग कोणीतरी विचारतं, "पण मुलीकडच्यांना विचारलंय ना?"

दोष सगळा आमचा नाही. थोडा शास्त्राचाही आहे. या पद्धतीचा, म्हणजे अॅजाइलचा, जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे लिहिला गेला. हे बर्फावर स्कीइंग करायचं ठिकाण. तिथे सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि दोन-तीन दिवसांत त्यांचं एकमत झालं. सतरा सॉफ्टवेअरवाल्यांचं! बाहेर उत्तम बर्फ पडलेला असला की माणसं मुद्दा लवकर सोडतात, एवढाच निष्कर्ष मी त्यातून काढला आहे. हिंजवडीत बाहेर बघण्यासारखं काही नसल्यामुळे आमच्या बैठका लांबतात.

त्या सतरांपैकी दोघं, केन श्वाबर आणि जेफ सदरलंड, यांनी पुढे २०१० मध्ये त्या पद्धतीतल्या स्क्रम या प्रकाराचं नियमपुस्तक, म्हणजे स्क्रम गाइड, प्रसिद्ध केलं. सध्या चालते ती आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची, पंधरा पानांच्या आत संपणारी. तिच्यात स्प्रिंट धरून एकूण पाच कार्यक्रम सांगितलेत आणि त्यांना वेळेची मर्यादाही घालून दिली आहे. महिनाभराचा स्प्रिंट असेल तर प्लॅनिंगला जास्तीत जास्त आठ तास, रिव्ह्यूला (म्हणजे आमच्या डेमोला) चार, रेट्रोला तीन. रोजची उभ्या उभ्या घ्यायची बैठक पंधरा मिनिटांची, मग स्प्रिंट कितीही मोठा असो. या पाचांत रिफाइनमेंट नाही. त्याचा उल्लेख येतो तो 'सतत चालू असणारी क्रिया' म्हणून. बस. ना वार, ना वेळ, ना निमंत्रण.

आता, एखादं काम सतत चालू आहे असं कोणी म्हणालं की ते कधीच होत नाही हे समजायला एमबीए लागत नाही. माझं वजन कमी करणंही सतत चालू आहे.

जुन्या आवृत्त्यांत निदान एक आकडा होता. टीमच्या क्षमतेच्या दहा टक्क्यांहून जास्त वेळ सहसा यात जात नाही, असं त्यात म्हटलं होतं. दोन आठवड्यांचे कामाचे दिवस दहा, म्हणजे दहा टक्के झाला माणशी एक अख्खा दिवस. २०२० मध्ये तो आकडाही काढून टाकला. आमच्याकडे रिफाइनमेंटला एक तास मिळतो. त्यातली पहिली दहा मिनिटं "माझा आवाज येतोय का", पुढची पाच "स्क्रीन दिसतेय का", आणि शेवटची पाच "मला दुसऱ्या कॉलला जायचंय" यात जातात. मधल्या वेळात प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर, काहीतरी पेटतं.

त्यामुळे बुधवार उजाडतो तेव्हा यादीत वर बसलेली स्टोरी कोणी वाचलेलीसुद्धा नसते. अकराला प्लॅनिंग सुरू होतं. स्क्रीनवर तिचं तिकीट उघडतं. त्यावर तीनच शब्द: 'रिपोर्टमध्ये फिल्टर हवा'. खाली वर्णनाच्या जागी वर्णन नाही, अॅक्सेप्टन्स क्रायटेरियाच्या, म्हणजे काम झालं हे ओळखायच्या निकषांच्या, जागी 'टीबीडी', अर्थात 'नंतर ठरवू'.

"कुठला रिपोर्ट?"

"अरे तोच, मंथलीवाला."

"मंथली तीन आहेत."

"मग तिन्हीत असेल."

"असेल म्हणजे? विचारलंय का कोणी?"

विचारायचं ज्याला, तो प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय हवंय ते ठरवणारा माणूस, न्यू जर्सीत. पुण्यात अकरा वाजतात तेव्हा तिथे उन्हाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. तो गाढ झोपेत आहे आणि इकडे नऊ माणसं त्याच्या मनात काय असावं यावर तर्क लढवत बसली आहेत. एकेका स्टोरीवर पंचवीस मिनिटं. एक वाजता कँटीनचा वास येऊ लागतो आणि मग लीड ते वाक्य उच्चारतो, ज्याने प्रत्येक स्प्रिंटचं भवितव्य ठरतं: "साधारण पाच पकडून चालू. पुढचं पुढे."

हे पाच म्हणजे पाच तास नव्हेत, पाच दिवसही नव्हेत. ते पॉइंट. कामाचा आकार वेळेत न मोजता पॉइंटमध्ये मोजायचा, आणि पॉइंट म्हणजे काय हे विचारायचं नाही. त्यासाठी पत्त्यांचा खेळ आहे. प्लॅनिंग पोकर. जेम्स ग्रेनिंग यांनी तो २००२ मध्ये मांडला, माइक कोहन यांनी लोकप्रिय केला. प्रत्येकाच्या हातात १, २, ३, ५, ८, १३ असे पत्ते. पुढे २०, ४०, १००. सुरुवातीचे आकडे फिबोनाचीचे. त्याने १२०२ च्या ग्रंथात ते ससे मोजण्यासाठी दिले. त्याच्या निदान अर्धं शतक आधी आपल्याकडे हेमचंद्राने छंदांतल्या मात्रा मोजताना हीच मालिका मांडली होती. तेव्हा ज्यांना असल्या परदेशी पद्धतींचा राग येतो, त्यांनी आठाचा पत्ता टाकताना मान ताठ ठेवायला हरकत नाही.

खेळाचा नियम असा, की सगळ्यांनी पत्ते एकदम उघडायचे. कोणी कोणाचं बघून ठरवू नये म्हणून. व्यवहारात लीडचा पत्ता दिसेपर्यंत निम्म्या जणांचं नेटवर्क स्लो असतं. फ्रेशर कायम तीन टाकतो. तीन हा फार सभ्य आकडा आहे. तीन म्हणणाऱ्याला कोणी खुलासा विचारत नाही. आर्किटेक्ट तेरा टाकतो, कारण त्याला बोलायचं असतं, आणि नियमाप्रमाणे सर्वांत मोठा आकडा टाकणाऱ्याला कारण सांगायची संधी मिळते. तो बारा मिनिटं कारण सांगतो. मग तीनवाले आणि तेरावाले यांच्यात तडजोड होऊन पाच लिहिले जातात. पाच कोणीच टाकलेले नसतात.

हे पॉइंट बहुधा आपणच शोधून काढले आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं रॉन जेफ्रीज यांनी नंतर लिहून टाकलं. ते त्या सतरांतलेच एक. त्यांना वाईट वाटलं हे वाचून मला बरं वाटलं. पण आमच्या मॅनेजरने ते वाचलेलं नाही, त्यामुळे एक्सेलमध्ये पॉइंटचा आलेख चालू आहे.

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. स्टोरी उचलली जाते. सहाव्या दिवशी कळतं की फिल्टर एकाच रिपोर्टमध्ये हवा होता, आणि तो चौथाच रिपोर्ट आहे. नवव्या दिवशी संध्याकाळी ती टेस्टिंगला येते. आमची टेस्टर शांतपणे विचारते, "तारखांचा फिल्टर आहे ना? मग 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन्ही तारखा धरायच्या का? आणि काहीच सापडलं नाही तर स्क्रीनवर काय दाखवायचं?" खोलीत शांतता. प्रश्न इतका साधा असतो की तो नवव्या दिवशी विचारणं हा अपराध वाटावा. पण तिला प्रश्न विचारण्याचा पगार देतात आणि प्रश्न विचारायची वेळ मात्र देत नाहीत. स्टोरी पुढच्या स्प्रिंटमध्ये जाते. त्याला स्पिल ओव्हर म्हणतात. रेट्रोमध्ये पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं जातं: 'रिफाइनमेंट नीट व्हायला हवं.' ही चिठ्ठी आमच्याकडे इतकी जुनी आहे की तिलाच आता तिकीट द्यायला हवं.

मग रिफाइनमेंट ठेवायचं तरी कधी? आमचे प्रयोग असे.

आधी प्लॅनिंगच्या आदल्या संध्याकाळी ठेवून पाहिलं. विषय ताजा राहतो, असं टीमच्या बैठका लावणाऱ्या स्क्रम मास्टरचं म्हणणं. विषय ताजा राहतो, पण प्रश्नही ताजेच राहतात. मंगळवारी संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बुधवारी सकाळी अकराला येत नाही. प्रॉडक्ट ओनरला पुढे विमा विभागातल्या कोणाला तरी विचारावं लागतं, तो कोणीतरी रजेवर असतो. शिवाय त्याच दिवशी डेमो आणि रेट्रो होऊन गेलेले. दिवसातली तिसरी बैठक म्हटल्यावर कॅमेरे आपोआप बंद होतात.

मग प्लॅनिंगच्या दुसऱ्या दिवशी ठेवलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, "कालच तर बसलो होतो." पुढच्या स्प्रिंटचा विचार करण्याइतका उत्साह या स्प्रिंटच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्यात असतो, तो माणूस सहसा नोटीस पिरियडवर असतो.

राहिला मधला बुधवार, प्लॅनिंग नसलेला. कागदावर हाच उत्तम. चालू काम रुळावर आलेलं असतं, पुढचं प्लॅनिंग आठवडाभर लांब असतं, प्रश्न पाठवून उत्तर यायला पाच-सहा दिवस हाताशी. अडचण एकच, प्रॉडक्ट ओनर जागा असायला हवा. म्हणून वेळ ठरली संध्याकाळी साडेसात; त्याच्याकडे सकाळचे दहा. तो ताजातवाना, हातात कॉफी. इकडे घरोघरी कुकर लावलेला. कोणी अनम्यूट केलं की आधी शिट्टी ऐकू येते, मग त्याचं मत. मार्च ते ऑक्टोबर हे कसंबसं चालतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि आमचं साडेसातचं रिफाइनमेंट साडेआठला येऊन पडतं. भारतात घड्याळ हलत नाही, फक्त जेवण हलतं.

घड्याळासारखीच कॅलेंडरचीही गंमत. गणपतीची सुट्टी कंपनीच्या यादीत एक दिवसाची. ही यादी ज्याने केली तो कोकणातला नसावा. आमच्या टीममधले रत्नागिरी-सिंधुदुर्गचे दोघं चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघतात आणि गौरी-गणपती पोचवल्याशिवाय परतत नाहीत. तिकिटं त्यांनी कधीच काढून ठेवलेली असतात; फक्त टीमला प्लॅनिंगच्या दिवशी कळतं. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्या आठवड्यात न्यू जर्सीला पाठवलेला प्रश्न डिसेंबरात उघडला जातो. मधल्या बुधवारी पाऊण तास बसलं, तर रजा कोणाची कधी आहे एवढं तरी आधी कळतं. माझ्या मते रिफाइनमेंटचा हा सर्वांत मोठा उपयोग आहे आणि तो कुठल्याच गाइडमध्ये लिहिलेला नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोकही सांगायला हवेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या टीमला एकदा रिफाइनमेंट चढलं. त्यांनी 'डेफिनिशन ऑफ रेडी' नावाचा तक्ता केला. स्टोरीला त्यातल्या सगळ्या चौकटींवर खूण झाल्याशिवाय प्लॅनिंगमध्ये प्रवेश नाही. मूळ हेतू चांगला होता. पण त्या तक्त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स तेवढी मागायची राहिली होती. त्यांनी पुढच्या सहा महिन्यांच्या स्टोऱ्या घासूनपुसून लख्ख केल्या. जूनमध्ये लख्ख केलेली स्टोरी दिवाळीत उघडली तर ज्या स्क्रीनवर तिच्यातलं बटण यायचं होतं ती स्क्रीनच उडालेली. एक-दोन स्प्रिंट पुरेल एवढं काम तयार असावं, त्यापुढचं धूसर असलेलंच बरं. अजून ठरलेलंच नाही ते कितीही बारकाईने लिहिलं तरी ठरलेलं होत नाही.

आणि बैठकीत बारकाई नेमकी नको तिथे होते. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्येच लिहून ठेवलंय, की अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च समिती काही मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास वाद घालते. कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. आमच्याकडे पेमेंटचा नवा मार्ग तीन मिनिटांत 'ओके' झाला. 'सबमिट' बटण निळं असावं की हिरवं, यावर पुढची दोन रिफाइनमेंट गेली. शेवटी बटण राखाडी झालं. क्लायंटच्या सगळ्याच स्क्रीनवर ते तसंच असतं हे तिसऱ्या बैठकीत कळलं.

बॅकलॉगच्या तळाशी तर कोणी जातच नाही. आमची यादी जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये राहते. या जिराचा आपल्या फोडणीशी संबंध नाही. जपानी लोक गॉडझिला राक्षसाला गोजिरा म्हणतात, त्याचं ते अर्धं नाव. यादी खाली सरकवत जा, मग नाव का ठेवलं ते पटतं. तिथे अशी तिकिटं आहेत ज्यांचा लेखक कंपनी सोडून गेला, मग ज्याच्या नावावर ती टाकली तोही गेला, आणि ज्या प्रॉडक्टसाठी ती लिहिली ते प्रॉडक्टही बंद झालं. तरी पुसून टाकू या म्हटलं की कोणीतरी हळहळतं, "असू दे ना, जागा थोडीच खातंय?" खातं. जागा नाही, रिफाइनमेंटला बसलेल्या नऊ जणांचा वेळ खातं. वर्षभरात ज्याला कोणी हात लावला नाही ते तिकीट बंद करावं. खरंच कोणाला हवं असेल तर तो पुन्हा ओरडेल. आणि क्लायंटला ओरडायची आठवण करून द्यावी लागल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे एक गोष्ट मात्र जमली आहे आणि ती कोणा महागड्या कोचने शिकवलेली नाही. नऊ जणांना बसवण्याआधी तिघंच बसतात: एक प्रॉडक्टच्या बाजूचा, एक कोड लिहिणारा, एक टेस्टर. जगात याला 'थ्री अमिगोज' म्हणतात. आमच्याकडे 'चहाला चला' म्हणतात. टेस्टर तिचे ते 'पासून' आणि 'पर्यंत'चे प्रश्न तिथेच विचारून घेते. कोड लिहिणारा "हे वाटतं तेवढं सोपं नाही" हे वाक्य तिथेच वापरून टाकतो. चहा संपेपर्यंत निम्म्या स्टोऱ्यांचे दोन-दोन तुकडे झालेले असतात आणि एखादी चक्क रद्द झालेली असते. उरलेले प्रश्न न्यू जर्सीला जातात. मधल्या बुधवारी सगळे बसतात तेव्हा निम्मी उत्तरं आलेली असतात, पुढच्या सोमवारपर्यंत बाकीची. परवाचं प्लॅनिंग दीड तासात संपलं. इतक्या लवकर संपल्यावर काय करायचं हे कोणालाच सुचेना. आर्किटेक्टने तर बैठक चालू ठेवायचा प्रस्तावही मांडला.

तेव्हा ज्यांच्या हातात टीमचं कॅलेंडर आहे त्यांना एवढीच विनंती. मधल्या बुधवारचा पाऊण तास अडवून ठेवा, प्रॉडक्शन पेटलं तरी तो विझवायला देऊ नका, आणि कुकरची वेळ पाळा. आणि रिफाइनमेंटमध्ये जो कोणी "हे आपण प्लॅनिंगमध्ये बघू या" म्हणेल, ती स्टोरी तिथल्या तिथे त्याच्याच नावावर टाका.